ताटातलं अन्न, अंगातली सूज

ठेच लागली की अंगठा लाल होतो, सुजतो, गरम लागतो आणि ठणकतो. सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकात हीच चार लक्षणं लिहून ठेवली आणि वैद्यकाचे विद्यार्थी आजही तीच पाठ करतात. जखमेच्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात, जंतूंचा बंदोबस्त करतात, मेलेल्या पेशी उचलून नेतात आणि काम झालं की सूज उतरते. ही सूज येणंच बंद झालं तर साध्या खरचटण्यानेही माणूस दगावेल.

हल्ली ज्या सुजेबद्दल बोललं जातं ती मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिच्यात ताप येत नाही, ठणका लागत नाही. तिला दाह म्हणतात, पण पित्ताने छातीत होणारी जळजळ ती नव्हे. दाहाचे निरोप पोचवणारी रसायनं रक्तात थोडी थोडी, पण वर्षानुवर्षं वाढलेली राहतात. हृदयविकार, मधुमेह, यकृतात साठणारी चरबी, काही कर्करोग यांच्याशी या मंद दाहाचं नातं सापडलं आणि पाठोपाठ दाह वाढवणाऱ्या व शमवणाऱ्या पदार्थांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. वांगं बंद, टोमॅटो बंद, गहू बंद, दूध बंद. हळदीच्या कॅप्सूल सुरू. या याद्यांमधलं काय टिकतं, हे तपासण्याइतका पुरावा आता हाताशी आहे. तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. एकेका पदार्थावर ठेवलेला दोष बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडतो. खरा हिशेब ताटातल्या एकूण प्रमाणाचा, पोटावर साठलेल्या चरबीचा आणि ताटातून नकळत निघून गेलेल्या पदार्थांचा आहे.

हा मंद दाह मोजण्याची सर्वात रुळलेली चाचणी म्हणजे सीआरपी. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन आढळलं. ते यकृतात तयार होतं. मोठ्या जंतुसंसर्गात ते लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्याही वर जातं. मंद दाहाची मोजणी अगदी खालच्या टप्प्यात चालते: लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. पण नुकती सर्दी होऊन गेली असेल किंवा हिरड्या सुजलेल्या असतील, तरी हा आकडा वर सरकतो. एवढ्या एका रिपोर्टवर कुणी आहाराचं पॅकेज विकत असेल तर ते घेऊ नये. मिश्रीने हिरड्या खराब झालेल्या बाईला आधी दातांच्या डॉक्टरची गरज आहे, आहारतज्ज्ञाची नंतर.

दाह हा आजाराचं कारण आहे की आजारासोबत येणारी खूण, हा वाद बरीच वर्षं चालला. त्याचं एक ठोस उत्तर २०१७ मध्ये मिळालं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांवर कॅनाकिनुमॅब या औषधाची चाचणी झाली. हे औषध कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, दाहाचा एकच निरोप्या अडवतं. तरीही मधल्या मात्रेत नवे झटके, पक्षाघात आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झालं. त्याच चाचणीत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थोडे वाढले. दाह पुरता दाबून टाकणं परवडणारं नाही, हेही त्यातून कळलं. आहाराकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच, की विनाकारण पेटत राहिलेला दाह खाली यावा.

तो विनाकारण पेटतो कशाने? सर्वात भक्कम उत्तर पोटातल्या चरबीकडे बोट दाखवतं. १९९३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीतच दाहाचं एक प्रमुख रसायन तयार होताना पाहिलं. तोपर्यंत चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार, असं मानलं जाई. पुढे माणसांतही दिसलं, की चरबीच्या पेशी मर्यादेबाहेर फुगल्या की तिथे पांढऱ्या पेशी जमतात आणि जखमेवर असल्यासारख्या काम करू लागतात. जखम नसल्यामुळे त्यांचं काम कधी संपत नाही.

आपल्यासाठी हा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि तो जगापुढे मांडण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. वजनकाट्याच्या भाषेत दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात तर नवजात बाळांमध्येही हेच दिसलं: वजन इंग्लंडच्या बाळापेक्षा पुष्कळ कमी, पण त्या मानाने चरबी टिकून, स्नायू कमी. हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, ही आपल्याकडची ओळखीची अंगकाठी. अशा माणसाला 'तुम्ही तर बारीकच आहात' असं म्हणून घरी पाठवणं धोक्याचं आहे.

म्हणून अन्न आणि दाह यांचा पहिला प्रश्न 'काय' याआधी 'किती' हा आहे. वजन कमी करण्याच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये निघाला. त्यात दर किलो वजन उतरल्यावर सीआरपी सरासरी ०.१३ मिलिग्रॅमने उतरल्याचं आढळलं, मग ते वजन आहाराने उतरलेलं असो, व्यायामाने किंवा शस्त्रक्रियेने. आयसीएमआरच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे २०२५ मध्ये आलेले निष्कर्ष याला जोडून वाचावेत: भारतीयांच्या आहारातले सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्ट आणि शर्करेतून येतात, तेही मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि वरून घातलेली साखर यांतून. प्रथिनं जेमतेम १२ टक्के. भात किंवा पोळी मुळात विषारी नाही. पण चार पोळ्या, वर भात, वाटीच्या तळाशी पातळ वरण, दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा आणि बैठं काम, हे सगळं एकत्र आलं की उरलेले उष्मांक यकृतात आणि पोटावर जमा होतात. दाह तिथून सुरू होतो. साखर थेट दाह पेटवते का, यावर माणसांतल्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. चरबी वाढवून पेटवते, याबद्दल फारसा वाद नाही.

एका जेवणाचाही परिणाम होतो. अमेरिकेतल्या बफेलो शहरात डॉ. परेश दंडोना यांच्या गटाने सुदृढ माणसांना अंडं, सॉसेज आणि बटाट्याचे तळलेले काप असा ९१० उष्मांकांचा नाश्ता दिला. पुढचे काही तास त्यांच्या पांढऱ्या पेशींमध्ये दाहाची यंत्रणा जागी झालेली दिसली. ही लाट ओसरते. पहिली उतरायच्या आत दुसरी आली तर ती ओसरायला सवडच मिळत नाही. जेवणांमधला सततचा चिवडा, बिस्किटं, शेव यांचा तोटा इथे आहे.

तेलाच्या बाबतीत गैरसमज सर्वात जास्त आहेत. सध्या रिफाइंड तेलातली ओमेगा-६ आम्लं दाह वाढवतात, सूर्यफूल-करडई टाकून द्या, असा प्रचार जोरात आहे. शरीरात या आम्लांपासून दाहाची रसायनं बनू शकतात, एवढ्यावर तो उभा आहे. प्रत्यक्ष माणसांना ही आम्लं जास्त देऊन केलेल्या नियंत्रित चाचण्यांचा २०१२ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा दाहाच्या मोजमापांत वाढ सापडली नाही. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी यांपैकी कुठल्याही ताज्या तेलाला घाबरायचं कारण नाही. घाण्याचं तेल आवडत असेल तर चवीसाठी घ्यावं. कोकणातल्या, गोव्यातल्या घरांत खोबरेल वापरतात; त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं हे चाचण्यांत दिसलं आहे, दाहाची मोजमापं मात्र त्याने फारशी हलत नाहीत. नारळाचा रस घातलेली आमटी आणि रोजची खोबरेलातली तळणी यांत फरक करायला हवा.

खरा गुन्हेगार वनस्पती तुपात होता. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि तेलात हायड्रोजन मिसळून थिजवलेली ही चरबी साजूक तुपाची गरिबांची आवृत्ती म्हणून घरोघर गेली. त्यातल्या ट्रान्स फॅटने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चांगलं घटतं आणि दाहही वाढतो. अमेरिकी परिचारिकांच्या २००५ मधल्या अभ्यासात सर्वाधिक ट्रान्स फॅट खाणाऱ्या गटाचा सीआरपी सर्वात कमी खाणाऱ्यांपेक्षा ७३ टक्के जास्त होता. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय हजार आहारसल्ल्यांहून मोलाचा आहे. सुट्या मालाच्या खारी-नानकटाईपर्यंत तो पोचतो की नाही, हे तपासणाऱ्यांची संख्या वाढवायला हवी.

आणि मग कढई. संध्याकाळी गर्दीच्या वडापावच्या गाडीपाशी पाच मिनिटं उभं राहून तेलाकडे पाहावं. तेलाचा रंग चहासारखा झालेला असतो. वडा सोडला की फेस काठापर्यंत चढतो आणि लवकर बसत नाही. झाऱ्यावरून निथळणारी धार जाड, चिकट दिसते, धूर आधीपेक्षा लवकर निघतो आणि डोळ्यांना झोंबतो. पुन्हा पुन्हा तापवल्याने तेलाचे रेणू तुटून नवी संयुगं तयार झाल्याच्या या खुणा आहेत. अशा तेलावर वाढवलेल्या प्राण्यांत यकृताचा आणि रक्तवाहिन्यांचा दाह दिसतो. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून या संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायला बंदी केली आणि वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवण्याची योजना आणली. घरीही तळणीचं तेल कमी घ्यावं, उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावं, पुन्हा तळायला घेऊ नये. दिवाळीच्या चकल्यांचं तेल तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवण्यात बचत नाही.

आता हळद. तिच्याबद्दल आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं, तेव्हा मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ पुराव्यादाखल ठेवून ते आव्हानात आणलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. परंपरेचं ज्ञान परंपरेचंच राहिलं. पण आमटीतल्या हळदीने अंगातला दाह उतरतो का, हा वेगळा प्रश्न आहे. हळदीतला गुणकारी मानला जाणारा घटक कर्क्युमिन, तो हळदीत सुमारे तीन टक्के. चौघांच्या घरात दिवसभरात एक चमचा, म्हणजे तीनेक ग्रॅम हळद लागते असं धरलं तर माणशी वीस-बावीस मिलिग्रॅम कर्क्युमिन पोटात जातं. चाचण्यांमधली मात्रा साधारण ५०० ते १५०० मिलिग्रॅमची असते. त्यातही कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार थोडं उतरतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी सोबत मिऱ्यांतलं पिपरिन दिल्यावर शोषण वीस पटींनी वाढल्याचं दाखवलं, पण मुळात आकडा इतका छोटा, की वीस पटींनंतरही तो मोठा होत नाही.

गुडघेदुखीवर कर्क्युमिनच्या काही चाचण्या आशादायक आहेत. टास्मानियातल्या २०२० च्या चाचणीत ७० रुग्णांपैकी हळदीचा अर्क घेणाऱ्यांचं दुखणं बारा आठवड्यांत खोट्या गोळीपेक्षा जास्त कमी झालं. एमआरआयमध्ये मात्र गुडघ्यातली सूज आणि पाणी तसंच राहिलं. दुखणं कमी होणं हीही कमाई आहेच. दाह उतरला असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. दुसरीकडे इटली आणि अमेरिकेतून हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी आल्या आहेत, विशेषतः मिऱ्याचा अर्क मिसळलेल्या कॅप्सूलनंतर. शोषण वाढवलं की धोकाही वाढतो. भाजीतली हळद बिनधास्त खावी, कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दाहशामक म्हणून जो घरगुती पदार्थ सर्वाधिक विकला जातो त्याचा पुरावा सर्वात कच्चा आहे आणि ज्याची जाहिरात कुणीच करत नाही त्याचा पुष्कळ पक्का.

तो पदार्थ म्हणजे चोथा. आपण पचवू न शकणारे तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि ब्युटिरिक आम्लासारखी छोटी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यांवरच जगतात. अस्तर शाबूत राहिलं की जिवाणूंचे अंश रक्तात झिरपत नाहीत आणि दाहाला निमित्त मिळत नाही. डेन्मार्कमध्ये ६० प्रौढांना काही आठवडे मैद्याचे आणि काही आठवडे अख्ख्या धान्याचे पदार्थ दिले, तेव्हा अख्ख्या धान्याच्या काळात वजन आणि सीआरपी दोन्ही उतरले. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, अंबाडीची किंवा चवळईची पालेभाजी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी असं साधं जेवण या पुराव्याशी जुळतं. मागच्या दोन पिढ्यांत हे जेवण शहरांतून जवळपास गेलं आणि आता महागड्या हॉटेलांत थाळी म्हणून परतलं. ज्या सोलापूर-मराठवाड्यात ज्वारी रोजची होती, तिथे रेशनच्या गव्हा-तांदळाने तिची जागा घेतली, याची खंत वाटते.

आंबवलेल्या पदार्थांबद्दल स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ च्या चाचणीचा उल्लेख करायला हवा. ३६ जणांपैकी निम्म्यांना भरपूर तंतू आणि निम्म्यांना दही, किमची असे आंबवलेले पदार्थ दहा आठवडे दिले. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. तंतूंच्या गटात परिणाम माणसागणिक वेगळा आला. ज्यांच्या आतड्यात आधीपासून विविध जिवाणू होते त्यांना फायदा दिसला. चाचणी छोटी आहे, तिच्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण जेवणाबरोबर ताक आणि उन्हाळ्यात आंबील घ्यायला कुठल्याच चाचणीची हरकत नाही.

मासे खाणाऱ्यांनी पापलेट-सुरमईच्या भावाकडे पाहून उसासे टाकू नयेत. बांगडा, तारली, पेडवे हे स्वस्त, तेलकट मासे ओमेगा-३ साठी सरस. त्यातल्या आम्लांपासून शरीर दाह आवरता घेणारे रेणू बनवतं. आमवातात ही आम्लं रोज सुमारे तीन ग्रॅम दिल्यावर सांध्यांचं दुखणं आणि वेदनाशामकांची गरज कमी होते, असं बऱ्याच चाचण्यांत आढळलं; रोज एक कॅप्सूल घेणाऱ्या निरोगी माणसांत मात्र असा फायदा दिसला नाही. शाकाहाऱ्यांना जवसाची चटणी आहे. जवसातलं ओमेगा-३ शरीरात माशांतल्या ओमेगा-३ च्या रूपात फार थोडं बदलतं, तरी रोजचे दोन चमचे वाया जात नाहीत.

बंद केल्या जाणाऱ्या पदार्थांचा निकाल थोडक्यात. टोमॅटो, वांगं, बटाटा यांनी सांधे सुजतात, हे एकाही नीट आखलेल्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. दुधाबद्दल ५२ चाचण्यांचा आढावा २०१७ मध्ये निघाला. ॲलर्जी नसलेल्यांत दूध-दही दाह वाढवत नाही, उलट केला तर किंचित कमीच करतं. गहू सीलिॲक आजार असलेल्यांच्या आतड्याला खरोखर जखम करतो आणि त्यांनी तो जन्मभर सोडायला हवा. हा आजार शंभरात एखाद्याला. रक्ततपासणी गहू सोडण्याआधी करावी, सोडल्यानंतर ती फसवते.

युरिक ॲसिड वाढलं की डाळी, पालक बंद करण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो, त्याबद्दल मला विशेष बोलायचं आहे. गाऊटमध्ये युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसतात आणि पांढऱ्या पेशी त्यांवर तुटून पडतात. अन्नाचा आणि दाहाचा इतका सरळ संबंध दुसरीकडे क्वचितच सापडतो. पण ४७ हजार पुरुषांवर बारा वर्षं लक्ष ठेवलेल्या २००४ च्या अभ्यासात धोका वाढला तो मांस आणि समुद्री अन्नाने. डाळी, वाटाणे, पालक यांनी वाढला नाही आणि दूध-दह्याने कमी झाला. बिअर आणि गोड शीतपेयं हे इथले खरे वैरी. शाकाहारी माणसाची डाळ काढून घेतली तर त्याच्या ताटात प्रथिनं उरतात कुठे?

पदार्थांना गुण देण्याचे प्रयत्नही झाले. दक्षिण कॅरोलिना विद्यापीठाने २०१४ मध्ये ४५ घटकांचा दाह-निर्देशांक सुधारून मांडला. गंमत अशी, की त्यात सर्वात दाहशामक गुण हळदीला मिळाले, चोथ्यालाही मागे टाकून. कारण त्यात काचेच्या नळीतले आणि प्राण्यांवरचे प्रयोगही धरले होते. त्यापेक्षा एकूण आहाराची परीक्षा घेणाऱ्या चाचण्या जास्त विश्वासाच्या. स्पेनमध्ये ७,४४७ लोकांवर झालेल्या प्रेडिमेड चाचणीत ऑलिव्ह तेल किंवा सुका मेवा, भाज्या, कडधान्यं, मासे अशा आहाराने हृदयविकार आणि पक्षाघात मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. तिच्या आखणीत दोष निघाल्याने २०१८ मध्ये निबंध मागे घेऊन, हिशेब पुन्हा करून छापावा लागला; निष्कर्ष टिकला. ऑलिव्ह तेल आयात करण्याची गरज नाही. शेंगदाणे, कडधान्यं, पालेभाज्या आणि मासे आपल्याकडे आहेत.

हा विषय सुखवस्तू लोकांचा समजला जातो, तेही बरोबर नाही. मेळघाट किंवा जव्हार-मोखाड्यासारख्या भागात दूषित पाण्याने वारंवार हगवण लागणाऱ्या मुलाचं आतडं कायम सुजलेलं राहतं. सुजलेल्या आतड्यातून पोषण नीट शोषलं जात नाही. शिवाय दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते लोहाची वाट अडवतं. अशा मुलाला लोहाचं औषध दिलं तरी रक्त हवं तसं वाढत नाही. त्याच्या ताटाइतकीच त्याच्या पाण्याची, शौचालयाची आणि लसीकरणाची काळजी घ्यायला हवी.

शेवटी सांधे सुजलेल्यांना एक विनंती. १९९१ मध्ये नॉर्वेतल्या चाचणीत उपवास आणि त्यानंतरच्या शाकाहाराने आमवाताच्या रुग्णांना आराम पडला होता, त्यामुळे आहाराचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. पण आमवात हाडं झिजवतो आणि पहिले काही महिने फार मोलाचे असतात. बोटांचे सांधे सुजत असतील, सकाळी अर्धा-एक तास हात आखडून राहत असतील आणि असं सहा आठवडे चाललं असेल, तर टोमॅटो सोडून वाट पाहत बसू नका. संधिवाततज्ज्ञांना दाखवा. आमवातावरचं मेथोट्रेक्झेट हे औषध सुरू असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून, कितीही चांगल्या आहाराच्या भरवशावर, स्वतःहून बंद करू नका.